पावणेदहानंतरची रत्नागिरी

रत्नागिरी
रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपार

ऋतिका,

जय भीम. यापुढे 'विनंती विशेष' लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं. माझी विनंती काही विशेष नाही. पत्र फाडणार असशील तर वाचून फाड, एवढीच आहे.

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस. व्हॉट्सॲप, इन्स्टा, साधा फोनसुद्धा. रितेशच्या फोनवरून लावला तर त्यालाही केलंस. तो बिचारा दोन दिवस डोसे उलटताना विचारत होता, "पण माझं काय चुकलं रे?" म्हणून शेवटी पोस्टात गेलो. नेरूळच्या हॉस्टेलचा पत्ता तुझ्या आईने दिला, सुंदराकाकीला ओरडू नको. टपाल खात्याला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आता ऐक. बसून ऐक.

शुक्रवारी भुर्जीच्या गाडीचा परवाना नवा करायला गेलो. खिडकीत एक म्हातारेसे कारकून होते. सहज बोललो, "साहेब, ती रात्रीची ऑर्डर कधी उठणार?"

"कुठली ऑर्डर?"

"कोरोनाची. पावणेदहाला गाड्या बंद करायची."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी १९७० सालातून चालत आलोय. "अरे बाबा, ते सगळं बावीसच्या एप्रिलात उठलं! परवान्याच्या मागे वेळ लिहिलीय, वाचलीस काय कधी?"

मी परवाना उलटा केला. बारीक अक्षरात छापलंय, रात्री साडेबारापर्यंत! ऋतिका, हा कागद माझ्या गाडीच्या काचेला चिकटवलेला असतो. पुढची बाजू गिऱ्हाईकाकडे, मागची बाजू माझ्याकडे. तीन वर्षं मी त्याच्यासमोर अंडी फोडतोय!

म्हणजे बघ. स्टँडमागच्या आपल्या रांगेत बत्तीस गाड्या. रोज रात्री तुझे बाबा शिट्टी मारणार आणि बत्तीस गॅस बंद होणार. आम्हाला वाटायचं, भिवाकाका संघटनेचे अध्यक्ष, त्यांच्याकडे सरकारचा कागद आला असणार. लॉकडाऊनमध्ये दंड नको म्हणून काकांनीच ही पद्धत पाडली, सगळ्यांनी एकदम बंद करायचं, कोणी मागे राहून सापडायचं नाही. तेव्हा ते बरोबरच होतं. पण निर्बंध उठले आणि पद्धत राहिली! मी मालनमावशीला विचारलं, "तू कधी कागद बघितलास?" ती घावणे काढता काढता बोलली, "कागद बघून मी काय करू? शिट्टी वाजली की माझा हातच रेग्युलेटरवर जातो."

सरकारी हुकूम नाही, पोलिसांचा नाही. पोलिसांची गाडी तर आता हात दाखवून पुढे जाते. अख्ख्या शहराची रात्र आपण स्वतःच मिटवून ठेवलीय. आणि मी सगळ्यांना सांगणार आहे.

नोव्हेंबरात जे झालं त्याबद्दल एवढंच लिहितो की मी जरा जास्त बोललो. काकांशी माझं बोलणं झालंय, सगळं ठीक आहे. आणि आता तर कळलंच की मुद्दा माझा बरोबर होता.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील. एक ओळही चालेल.

प्रज्ञेश

ता. क. पोस्टातल्या बाई बोलल्या की प्रेमपत्राला साधं तिकीट चालतं, भांडणाच्या पत्राला स्पीडपोस्ट कर. मी स्पीडपोस्ट केलंय.

*

रत्नागिरी
गुरुवार, २३ जानेवारी, सकाळ (झोपलेलो नाही)

ऋतिका,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझी नाईट ड्युटी असेल. काल माझीही होती.

रितेशची बाईक, थर्मासमध्ये चहा, आणि आम्ही दोघं रात्री दहा ते पहाटे चार. मला बघायचं होतं की रात्री या गावात भुकेलं कोण असतं. रितेश बोलला, "तुझ्याशिवाय कोणी नसेल." पैज लावली. तो हरला!

सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर अकरा जण. पेशंटची माणसं. कोणी राजापूरकडची, कोणी मंडणगडची. मंडणगडची कळल्यावर मी थांबलो, आमच्या गावचीच निघाली, पलीकडच्या वाडीतली. मुलाला सर्पदंश झालाय, आता बरा आहे. बाप ग्लुकोजचं बिस्कीट पाण्यात बुडवून खात होता. बोलला, "दहाच्या आधी औषधं आणायला धावलो, धावून आलो तर सगळं बंद." तुला हे सांगायला नको, तू तर रोज हॉस्पिटलच्या आतून बघतेस.

मग मिरकरवाडा बंदर. साडेबाराला दोन बोटी लागल्या. खलाशी जाळी सोडवत होते, बर्फवाले लाद्या फोडत होते, आणि मध्ये स्टोव्हवर पाकिटातल्या शेवया. चार दिवस समुद्रात काढून आलेली माणसं शेवया खातात! त्यांचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, मला बोलला, "तुझ्या बापाच्या हातची भुर्जी खाल्लीय मी. दहा अंड्यांची एक प्लेट करून द्यायचा." मी बोललो, ते आता मुंबईला वॉचमन आहेत. तो बोलला, "म्हणजे रात्रपाळी सुटली नाय त्याची." आम्ही हसलो, पण मग मला ते हसू पुरलं नाही.

रेल्वे स्टेशनवर दीडच्या गाडीने पस्तीसएक माणसं उतरली. रिक्षावाले तीन. पूर्वी वीस असायचे. त्यातला एक बोलला, "गावात उघडं काय असतं ते सांग, म्हणजे मी थांबतो." बघ, एकाने झोपायचं ठरवलं की दुसऱ्याला जागून उपयोग नाही. सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. गाड्या होत्या म्हणून रिक्षा होत्या, रिक्षा होत्या म्हणून नऊ ते बाराच्या खेळाला बायकापोरं यायची, खेळ सुटायचा म्हणून गाड्या होत्या. पालीची, लांज्याची पोरं सिनेमा बघून पाचच्या पहिल्या एस.टी.पर्यंत आपल्याच रांगेत बसायची, आठवतं? कोरोनाने एक दोरा ओढला आणि सगळी शिवण उसवली. आता पोरं पेट्रोलपंपावर वेफर्स खातात आणि मोबाइलवर सिनेमा बघतात. खासगी बसगाड्या शहरात येतच नाहीत, हातखंब्याला हायवेवर माणसं सोडून पुढे जातात. सगळा उजेड तिकडे गेला.

पण भूक आहे! भूक कुठे गेलेली नाही, ती फक्त बिस्किटांवर भागतेय. आम्ही लिहून काढलं, एका रात्रीत तीनशे माणसं.

आज सकाळी गाड्या लागताच रांगेत सगळ्यांना वाचून दाखवलं. वयस्करांनी माना हलवल्या, तरुणांनी शिट्ट्या मारल्या. सभा घ्यायचं ठरलंय. तुझे बाबा लांबून ऐकत होते. आता ते शिट्टी मारत नाहीत, हे तुला माहीत आहे का? पावणेदहाला नुसते हात मागे बांधून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. त्यांची पाठ पुढे गेली की मागे गाड्या बंद होत जातात. शिट्टीपेक्षा भारी चालतं ते.

तू इथे असतीस तर काल तुला बाईकवर मध्ये बसवलं असतं. रितेशला मागे लटकवलं असतं.

तुझा (हे खोडणार होतो, राहू दे)
प्रज्ञेश

*

रत्नागिरी
गुरुवार, ६ फेब्रुवारी

ऋतिका,

तुझं पत्र आलं! निळं आंतरदेशीय! पोस्टमन गाडीवरच देऊन गेला. मी एका हाताने भुर्जी हलवत दुसऱ्या हाताने फोडलं, दाताने. पहिल्या चार ओळींत भुर्जी करपली. पुढच्या चार ओळींत मी.

तू लिहिलंस, "दोन पत्रांत तू तुझ्या परवान्याची मागची बाजूसुद्धा वाचून दाखवलीस. जे वाक्य बाबांना बोललास ते मात्र कुठे नाही. ते लिहून दाखव. लिहिता येत नसेल तर मला लिहू नकोस."

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू. गाडी रितेशवर टाकून भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेलो, मनातल्या मनात तुला दहा उत्तरं दिली. एकाहून एक भारी होती. पुलावर उभं राहून पत्राचा उरलेला अर्धा भाग वाचला, तोपर्यंत वाचला नव्हता.

त्यात तू लिहिलंयस की तू चौथीत असताना बाबा म्हणजे रविवारी दुपारी झोपलेला माणूस. आवाज करायचा नाही. लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा तुम्ही तिघं एका वेळी जेवायला बसलात, आणि काका तुझ्याकडे बघत राहिले. "तू डाव्या हाताने जेवतेस?" बोलले. तू सतरा वर्षांची होतीस.

ऋतिका, मी ती ओळ पुलावर किती वेळा वाचली माहीत नाही.

तर आता लिहितो. नोव्हेंबरातली ती रात्र, पावणेदहा. सांगलीकडची सहलीची बस आली होती, माझ्यासमोर वीस माणसं. काकांनी शिट्टी मारली. मी गॅस बंद केला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली. मी त्यांच्याकडे बघून आणखी सहा अंडी फोडली. ते आले आणि माझा रेग्युलेटर फिरवला, शांतपणे, जसा स्वतःचा फिरवतात तसा. मग मी त्यांच्या गळ्यातली दोरी ओढली, तुटली, शिट्टी गटारात फेकली. आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोललो, "कोरोना गेला, तुम्ही कधी जाणार?"

हे ते वाक्य.

तू काकांच्या मागे भांड्यांची बादली घेऊन उभी होतीस. तू बादली खाली ठेवलीस, पाण्याचा थेंब सांडला नाही. आठ दिवसांत तू नेरूळची नोकरी धरलीस.

काकांशी बोलणं झालंय असं पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. तेव्हापासून तीनदा त्यांच्या गाडीवर गेलो. पहिल्यांदा भजी घेतली आणि परत आलो. दुसऱ्यांदाही भजी. तिसऱ्यांदा काकाच बोलले, "एवढी भजी खाऊ नको, पित्त होईल." मी "बरं" बोललो. वीस वर्षं भजी तळणारा माणूस मला भजी खाऊ नको बोलला आणि मला एवढंच सुचलं, बरं!

खोटं काढायलाच बसलोय तर आणखी एक. कॉलेज सरांशी भांडून सोडलं असं मी सगळ्यांना रुबाबात सांगतो. भांडण झालं खरं, पण ते मी ठरवून केलं. बाबा मुंबईला गेले, गाडी बंद पडली असती. आई बोलत होती, तू शीक, मी उभी राहते. आई रात्री गाडीवर उभी राहणार आणि मी लेक्चरला बसणार, हे मला जमेना. पण घरी गरज होती म्हणून सोडलं असं सांगायलाही जमेना. भांडून सोडलं हे ऐकायला बरं वाटतं. हे आईला माहीत नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

तू शेवटी लिहिलंस, "माफी माझी नको." कळलं.

पण सतरा तारखेला सभा आहे आणि मी ती सोडणार नाही, हेही सांगतो. सिव्हिलबाहेरचा तो बाप अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. काकांचं जेवण आणि त्याचं बिस्कीट, दोन्ही एकदम कसं बरोबर असेल मला समजत नाही. तुला समजत असेल तर लिही.

प्रज्ञेश

*

रत्नागिरी
सोमवार, १७ फेब्रुवारी, संध्याकाळ

ऋतिका! ऋतिका! ऋतिका!

झालं! बत्तीसपैकी एकवीस हात वर! मालनमावशीने तर दोन्ही वर केले, एक खाली घ्यायला लावला.

सभा मच्छी मार्केटच्या ओट्यांवर घेतली, दुपारी तीनला, कारण तेव्हा तिथे कोणी नसतं आणि वास सहन करायची आपल्याला सवय आहे. मी रात्रीची सगळी यादी वाचली. तरुण पोरं पहिल्यापासून माझ्या बाजूची. मग काका उठले. हात मागे. एवढंच बोलले, "रात्रभर उघडं ठेवायचं म्हणता. पहाटे पाचला पाव आणायला कोण जाईल? सातला पोरांना शाळेत कोण सोडेल? मी नव्हतो सोडत, म्हणून विचारतो."

कोणी हसलं. काका हसले नाहीत.

मी तापलो. तू ओळखतेसच. ओट्यावर चढलो, जोरात बोलायला तोंड उघडलं, आणि ओट्यावरच्या ओल्या खवल्यांवरून पाय सटकून धाडकन खाली बसलो. सगळा बाजार हसला! रितेश तर लोळला. पण बरं झालं गो, कारण मी जे बोलणार होतो ते परत एक नोव्हेंबरातलंच वाक्य होतं. ते पोटातच राहिलं.

तेवढ्यात मालनमावशी कमरेला पदर खोचून उभी राहिली. "तुम्ही बाप्ये सगळे एकतर सताड उघडं नायतर ठार बंद. गावाला गुरं राखायला रोज अख्खी वाडी जाते काय? आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. ज्याची पाळी नाय तो आपला घरी जेवतो, झोपतो."

एकदम सगळे बोलायला लागले. किती सोपं! आपल्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गावचा, प्रत्येकाने पोरपणी गुरांची पाळी केलेली, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही. आठ-आठ गाड्यांचे चार गट. प्रत्येक गटाची चौथ्या रात्री पाळी, साडेबारापर्यंत. बाकीचे तिन्ही गट पावणेदहाला घरी. म्हणजे रात्र उघडी राहणार आणि माणूस चारपैकी तीन रात्री घरच्या ताटावर!

चिठ्ठ्या टाकल्या, पहिली पाळी माझ्या गटाची. एक मार्चपासून. दुसऱ्याच दिवशी, रविवारपासून, रोजेही सुरू होताहेत, मिरकरवाडा, कोकणनगर पहाटेपर्यंत जागं असणार. तो रिक्षावाला आला होता ऐकायला, बोलला, मी आणखी पाच जणांना घेऊन येतो.

इतिवृत्त काकांनीच लिहिलं, अध्यक्ष ना. बाजूने एकवीस, विरोधात दहा, आणि स्वतःच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, तटस्थ. अक्षर काय सुंदर आहे गो त्यांचं. मग वही मिटून बोलले, "ठरलं ते ठरलं. मला पाळी नको. माझा नंबर कोणातरी पोराला द्या."

तेव्हाच मी उठून माफी मागायला हवी होती. सगळी रांग समोर होती. पण पोरांनी मला उचललं, रितेशने खांद्यावर घेतलं, आणि मी वरून बघितलं तर काका वही बगलेत धरून मार्केटच्या दारातून बाहेर पडत होते. मी खाली उतरलो नाही. मला वर मजा येत होती. तू विचारलं नसतंस तरी लिहिलं असतं, म्हणून लिहितो.

तुझ्या दुसऱ्या पत्राची वाट बघत नाही असं लिहिणार होतो. तेही खोटं झालं असतं.

प्रज्ञेश

*

रत्नागिरी
शनिवार, १ मार्च, रात्री पावणेबारा

ऋतिका,

मी कुठे बसून लिहितोय हे तू ओळखू शकणार नाहीस. शेवटी सांगतो. नाही, आत्ताच सांगतो, माझ्याच्याने धीर धरवत नाही. मी तुमच्या पडवीत बसलोय. तुझी शाळेतली वही मिळाली, तिच्या मागच्या पानांवर लिहितोय. बेडकाच्या पोटाची आकृती आहे एका पानावर. ती फाडलेली नाही.

आज पहिली पाळी. आठ गाड्या. आईने नवीन एप्रन शिवून दिला, त्यावर लाल दोऱ्याने नाव. साडेनऊला गर्दी सुरू झाली ती थांबेचना. रितेशची पाळी नसतानाही तो माझ्या गाडीवर कांदा कापत होता. सिव्हिलमध्ये कोणीतरी सांगितलं असणार, तिथली चार-पाच जणं आली. एक बाई पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन विचारत होती, "खरंच बारापर्यंत असाल ना? मी वर जाऊन येते." मी बोललो, "मावशी, साडेबारापर्यंत!" असं बोलायला काय वाटतं ते तुला कसं सांगू!

पावणेदहा झाले. चोवीस गाड्या बंद व्हायला लागल्या, आमच्या आठ पेटलेल्या. काकांनी आपली कढई झाकली, पंचा खांद्यावर टाकला आणि घराकडे निघाले. एकटेच. आज ते रांगेतून चालले तरी त्यांच्या मागे आमच्या गाड्या बंद झाल्या नाहीत. कोणाच्या लक्षातही आलं नाही, जो तो गिऱ्हाइकात. ते माझ्यासमोरून गेले आणि मी बघितलं, ते माझ्याकडे बघत नव्हते. ते गर्दी बघत होते. कौतुकाने बघत होते गो! वीस वर्षं रात्र चालवलेला माणूस.

माझ्यासमोर चौदा माणसं उभी. तव्यावर सहा अंडी. मी रितेशला उलथणं दिलं. तो बोलला, "आवशीक... आता? आत्ता?" मी एप्रनसकट रस्त्यात उतरलो आणि हाक मारली. "काका!"

ते थांबले.

ते वाक्य मी मोठ्याने बोललो होतो, मग माफी कानात कशी मागणार? मी मोठ्यानेच बोललो. "काका, नोव्हेंबरात मी तुम्हाला तुम्ही कधी जाणार असं बोललो. ती माझी चूक झाली. माफ करा." रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मागे तव्यावरची अंडी तडतडत होती.

काकांनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग बोलले, "चौदा गिऱ्हाइकं सोडून माफी मागतात काय रे? खुळा की काय?"

"परत जाऊ?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या गाडीकडे बघितलं. "तो रितेश जाळतोय सगळं. जाळू दे. जेवलास काय?"

"नाय."

"चल मग. सुंदराने कुळथाची पिठी केलीय."

ऋतिका, तीन महिने ज्या रात्रीसाठी मी भांडलो, पळलो, पडलो, ती रात्र सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. मला थांबायचं होतं. खूप थांबायचं होतं. त्या पोरीच्या आईला मी शब्द दिला होता. रितेशकडे बघितलं, त्याने उलथण्यानेच जा म्हणून खूण केली आणि ओरडला, "तिला मी बघतो, दोन अंडी जास्त टाकून!" मी एप्रन सोडून त्याच्या गळ्यात घातला आणि काकांबरोबर निघालो.

काकीने तिसरं ताट घेतलं. पिठी, भात, सुकटीची चटणी. मी आयुष्यात पहिल्यांदा रात्री दहाला कोणाच्या घरी बसून जेवलो. आमच्या घरीसुद्धा कधी नाही, आई सातला जेवते आणि मी गाडी धुऊन आल्यावर अकराला. जेवताना काका बोलत नाहीत, तुला माहीत असेल. नुसतं वाढत राहतात. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा बोलले, "सभेत पडलास तेव्हा लागलं काय?" मी बोललो, नाय. ते बोलले, "लागायला हवं होतं." काकी एवढी हसली की तिला ठसका लागला.

बाहेरून रांगेचा आवाज येत होता. रिक्षांचे हॉर्न, मालनमावशीचं ओरडणं, कोणाचं तरी गाणं. मी कान तिकडे लावून इकडे जेवत होतो. काकांनी ते ओळखलं. "ऐकू दे, ऐकू दे," बोलले, "मीपण असाच ऐकायचो. इथे नव्हे, तिथे उभा राहून. घरात आता काय चाललं असेल ते."

हात धुतल्यावर ते पडवीत बसले. जांभया देत होते, डोळे मिटत होते. मला वाटलं झोपले. मी निघायला उठलो तर डोळे मिटूनच बोलले, "ऋतिकाला चार दिवस सुट्टी मिळालीय. पुढच्या शनिवारी पहाटे हातखंब्याला उतरेल. साडेतीनला."

मी परत खाली बसलो.

"त्या वेळी रिक्षा नसते तिथे. मी जायला हवं. पण मला आता साडेतीनला जाग येत नाय रे. वीस वर्षं जागा राहिलो, आता एकदा झोपलो की झोपलो." मग एक डोळा उघडला. "तुला जाग असते. तू जाशील काय?"

मी हो बोललो की नाही ते आठवत नाही. काकी दारातून बोलली, "अरे श्वास घे."

मग मी बोललो, "काका, आधी तिला विचारायला पाहिजे. तिला मी नको असेन तर?" काका बोलले, "मग विचार. लिहितोस ना तू? पोस्टमन आम्हालाही सांगतो." आणि आत जाऊन झोपले. खरंच झोपले, घोरण्याचा आवाज येतोय आत्ता.

म्हणून इथेच बसून लिहितोय. सोमवारी सकाळी पोस्ट उघडलं की स्पीडपोस्ट, बुधवारपर्यंत तुला मिळेल. तुला मी नको असेन तर काकीला फोन कर, मी रितेशला बाईक घेऊन पाठवतो, त्याला तू अनब्लॉक करायला हवंस कारण त्याचा खरंच काही दोष नाही. मी वाईट वाटून घेणार नाही, हे खोटं. पण पाठवीन नक्की, हे खरं.

फोन आला नाही तर मी तीन वाजल्यापासून हातखंब्याला उभा असेन, पुलाच्या अलीकडे, जिथे खासगी गाड्या थांबतात. काळं जॅकेट. तुझ्यासाठी वेगळं जॅकेट आणीन, पहाटे घाटात गार लागतं. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बॅग तेवढी माझ्याकडे दे.

प्रज्ञेश